सीएमएमआय, ऑटोमोटिव्ह स्पाइस, डोरा... पंचेचाळीस माणसांच्या कंपनीने नक्की कशाच्या मागे लागायचं?

क्वालिटीवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी चिंचवडला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत क्यूए (कामाचा दर्जा) बघते. माणसं पंचेचाळीसच्या आसपास. मोठी टीम गाड्यांच्या ईसीयूचं (गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर करते (बॉडी कंट्रोल, थोडंफार क्लस्टर), आणि दहा-बारा जणांची एक टीम वेब पोर्टलं करते, त्यात आता सरकारी कामं पण घ्यायची आहेत. आयएसओ ९००१ आहे, म्हणजे रिसेप्शनच्या भिंतीवर आहे :)

तर झालंय असं की आमच्या जर्मन टियर-वन (गाडीवाल्यांना थेट माल देणाऱ्या) कस्टमरने कळवलंय की पुढच्या प्रोजेक्टला ऑटोमोटिव्ह स्पाइस (ए-स्पाइस, गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम किती शिस्तीत होतं ते तपासायचं मॉडेल) लेव्हल २ दाखवावी लागेल. त्याच सुमाराला आमच्या सरांनी एक टेंडर बघितलं त्यात पात्रतेच्या अटीत सीएमएमआय (कंपनीची काम करायची पद्धत किती पक्की ते पाच पायऱ्यांवर मोजणारं मॉडेल) लेव्हल ३. आता सरांचं म्हणणं, दोन-दोन कशाला, एकच काहीतरी मोठं घ्या जे दोन्हीकडे चालेल, आणि घ्यायचंच तर सरळ लेव्हल ५ घेऊ. वेब टीमचा लीड म्हणतो हे सगळं कागदी काम आहे, जगात आता डोराचे (सॉफ्टवेअर किती लवकर आणि किती नीट पोचतं ते मोजणाऱ्या संशोधन गटाचे) मेट्रिक्स चालतात, तेच लावा. आणि मधल्यामधे कन्सल्टंट लोकांचे फोन, प्रत्येकाचं मॉडेल वेगळं आणि प्रत्येकाचंच बेस्ट.

मला विचारायचंय की सीएमएमआय ३ असेल तर ए-स्पाइस २ आपोआप झालं असं धरता येतं का (तीन दोनपेक्षा मोठे ना)? आमच्या साइजला यातलं काय झेपेल? आणि खरं सांगा, याने कामात काही फरक पडतो का फक्त फोल्डर वाढतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

नेकारकाठचा

श्टुटगार्टला एका सप्लायरकडे आहे, असेसमेंटच्या दोन्ही बाजूंना बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या कंसातल्या प्रश्नाचं. तीन दोनपेक्षा मोठे, पण हे दोन आकडे एकाच पट्टीवरचे नाहीत. सीएमएमआयची मॅच्युरिटी लेव्हल मिळते ती ऑर्गनायझेशनल युनिटला, आणि त्या लेव्हलचे सगळे विषय सुटले तरच. जुन्या १.३ आवृत्तीत (२०१० ची) हे स्पष्ट दिसायचं, लेव्हल २ ला ७ प्रोसेस एरिया, लेव्हल ३ ला अजून ११ म्हणजे एकूण १८, त्यातला एक जरी राहिला तरी लेव्हल ३ नाही. ए-स्पाइसमध्ये मात्र मार्कशीट मिळते, प्रत्येक प्रोसेसचा आकडा वेगळा. एसडब्ल्यूई.१ म्हणजे रिक्वायरमेंट्समध्ये २, एसडब्ल्यूई.४ युनिट व्हेरिफिकेशनमध्ये १, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटला २, असं. कंपनीचा म्हणून एक आकडा नसतोच. आणि असेसमेंट होतं ते प्रोजेक्टचं, सहसा कस्टमरच्याच प्रोजेक्टचं. त्यामुळे "आमची कंपनी ए-स्पाइस लेव्हल २ सर्टिफाइड" असं कुणी वेबसाइटवर टाकलेलं दिसलं की इकडचे असेसर लोक गालातल्या गालात हसतात.

सीएमएमआयमध्येही प्रॅक्टिस एरियानिहाय लेव्हल घेता येते, तिला कॅपेबिलिटी लेव्हल म्हणतात, पण टेंडरवाल्यांना ती नको असते.

मोजतात कसं ते पण बघा. ए-स्पाइसमध्ये प्रोसेसच्या प्रत्येक ॲट्रिब्यूटला (पीए) एन, पी, एल, एफ अशी ग्रेड. १५ टक्क्यांपर्यंत एन, ५० पर्यंत पी, ८५ पर्यंत एल, त्यावर एफ. लेव्हल २ साठी पीए १.१ ला (प्रोसेसचं काम मुळात झालं का, म्हणजेच लेव्हल १) एफच लागतो, आणि पीए २.१ (काम प्लॅन करून, बघून, सावरून केलं का) आणि पीए २.२ (जे वर्क प्रॉडक्ट तयार झाले ते ठरवून, रिव्ह्यू करून, कंट्रोलमध्ये ठेवलेत का) यांना निदान एल. पाट्या टाकणारे नेहमी यातल्या पहिल्या वाक्यावर आपटतात. लेव्हल २ म्हणजे प्लॅनिंगची कागदपत्रं असं धरून बसतात आणि लेव्हल १ लाच एफ मिळत नाही, कारण रिक्वायरमेंट ते आर्किटेक्चर ते कोड ते टेस्ट ही साखळी मध्येच कुठेतरी तुटलेली असते. ते जोडल्याशिवाय २ चा विषयच निघत नाही.

कुठल्या प्रोसेस बघतात? ३.१ आवृत्तीत व्हीडीए (जर्मन वाहन उद्योगाची संघटना) स्कोप म्हणून १६ प्रोसेस होत्या: सिस्टिमच्या चार (एसवायएस.२ ते ५), सॉफ्टवेअरच्या सहा, सपोर्टच्या चार (क्यूए, कॉन्फिगरेशन, प्रॉब्लेम रिझोल्यूशन, चेंज रिक्वेस्ट), प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि सप्लायर मॉनिटरिंग. तुम्ही नुसतं सॉफ्टवेअर देत असाल तर सिस्टिमच्या प्रोसेस बहुतेक कस्टमरकडे असतील, त्या स्कोपमधून काढून घ्या. पण हे आधी लेखी ठरवायचं, असेसर समोर येऊन बसल्यावर नाही.

दोघांचं कूळ पण वेगळं. ए-स्पाइस हे आयएसओ १५५०४ म्हणजे स्पाइसच्या घराण्यातलं, ते घराणं आता आयएसओ ३३००० मालिकेत गेलंय. ए-स्पाइस युरोपातल्या गाडीवाल्यांनी २००५ च्या सुमाराला आपल्या सप्लायरांसाठी बांधलं आणि आता व्हीडीए सांभाळते. त्यामुळे त्यात ट्रेसेबिलिटी, इंटिग्रेशन, व्हेरिफिकेशन असं इंजिनिअरिंगचं वजन जास्त. ट्रेनिंगचा प्रोग्रॅम काय, ऑर्गनायझेशनची प्रोसेस ॲसेट लायब्ररी कुठे, हे लेव्हल २ ला कुणी विचारत नाही. सीएमएमआय ३ चा मात्र अर्धा जीव त्यातच.

थोडक्यात सीएमएमआय ३ असलेल्या कंपनीचं प्रोजेक्ट ए-स्पाइसला १ वर अडलेलं बघितलंय, आणि ते अजिबात दुर्मिळ नाही.

---

टेंडरबहाद्दर

वरचा प्रतिसाद आवडला, वाचनखूण साठवली. मी दुसऱ्या बाजूचं सांगतो, सरकारी आयटी टेंडरं भरण्यात केस पांढरे केलेत.

ताई, टेंडरमध्ये जे लिहिलंय तेच लागतं. सीएमएमआय ३ लिहिलं असेल तर ए-स्पाइसचा रिपोर्ट नेऊन दाखवला तरी छाननी करणारा बाबू कॉलमात "नाही" लिहिणार, त्याचाही दोष नाही, त्याला उद्या ऑडिट आहे. प्री-बिड मीटिंगला लेखी प्रश्न टाकून अट सैल करून घ्यायचा प्रयत्न करता येतो, कधी कधी शुद्धिपत्रक निघतं पण. सूक्ष्म-लघु उद्योग आणि स्टार्टअपला अनुभव आणि टर्नओव्हरच्या अटीत सवलत देतात, ती सीएमएमआयच्या अटीलाही लागू आहे असं गृहीत धरू नका, प्रत्येक टेंडर नीट वाचा.

आता सर्टिफिकेटबद्दल. बाजारात दोन आठवड्यांत "सीएमएमआय सर्टिफिकेट" देणारे पण फिरतायत, फोन आले असतीलच. खरं अप्रेझल सीएमएमआय इन्स्टिट्यूटचा (२०१६ पासून ही आयसाका या व्यावसायिक संघटनेच्या छत्राखाली आहे) लीड अप्रेझर करतो आणि निकाल त्यांच्या सार्वजनिक यादीत येतो. यादीत नाव शोधून सापडलं नाही म्हणजे समजून जा. छाननीवाले पण आता यादी उघडून बघायला लागलेत. त्या यादीत कुठलं युनिट हेही लिहिलेलं असतं, त्यामुळे अमुक कंपनी लेव्हल ५ म्हणजे तिचा प्रत्येक मजला लेव्हल ५ असं नाही, एखाद्या शहरातलं एखादं डिलिव्हरी युनिट असतं बऱ्याचदा.

रेटिंग तीन वर्षं चालतं. बिड भरायच्या तारखेला जिवंत पाहिजे, नुसतं "होतं" असून भागत नाही. आणि २०१८ ला २.० आवृत्ती आली तेव्हापासून कुठली प्रोजेक्ट तपासायची ते बरंचसं रँडम सॅम्पलिंगने ठरतं. पूर्वीसारखं दोन देखणी प्रोजेक्ट सजवून पुढे करायची आणि बाकीच्यांवर पडदा, ते आता अवघड झालंय. चांगलंच झालं म्हणा.

तुमची वेब टीम दहा-बारा जणांची. मी तुमच्या जागी असतो तर आधी सरांना विचारलं असतं की वर्षाला अशी किती टेंडरं भरणार आणि त्यातली किती लागणार. अप्रेझरची फी, कन्सल्टंटची फी, तुमच्या लोकांचा वेळ, हे एका टेंडरच्या नफ्यातून निघतंय का? नसेल निघत तर जिच्याकडे लेव्हल ३ आहे अशा कंपनीबरोबर कन्सॉर्शियम करा, टेंडर परवानगी देत असेल तर.

---

जुना_खेळाडू

निवृत्त आहे त्यामुळे वेळ भरपूर, नव्वदीत बेंगळुरूला आणि नंतर पुण्याला एसईपीजीमध्ये (कंपनीच्या प्रोसेस सुधारणारा गट) होतो, म्हणजे हे लेव्हलचं खूळ भारतात शिरताना डोळ्यांनी पाहिलंय.

ही लेव्हल आली कशासाठी ते कळलं की निम्मा गोंधळ जातो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची सॉफ्टवेअरची कंत्राटं उशिरा, महाग, बिघडलेली अशी यायची. १९८४ ला त्यांनी पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात एसईआय ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था काढली. वॉट्स हम्फ्री आयबीएममधली जवळजवळ तीन दशकांची नोकरी संपवून १९८६ ला तिथे आले. एअरफोर्सला पाहिजे होतं कंत्राटदार पारखायचं साधन, म्हणून १९८७ ला एक प्रश्नावली आणि पाच पायऱ्यांचा आराखडा निघाला, पायऱ्यांची मूळ कल्पना फिलिप क्रॉस्बीच्या १९७९ च्या क्वालिटी ग्रिडमधली. पुढे १९९१ ला सीएमएम (सीएमएमआयचा पूर्वज) १.०, १९९३ ला १.१. म्हणजे जन्मापासूनच याला दोन मालक आहेत, एक खरेदीदार ज्याला आकडा हवाय, आणि एक इंजिनिअर ज्याला सुधारायचंय. पहिला पैसे देतो, त्यामुळे दुसऱ्याचं कोण ऐकतंय! हम्फ्री स्वतः नंतर खाली वळले, एकेका प्रोग्रॅमरसाठी पीएसपी आणि टीमसाठी टीएसपी काढलं. मला तरी ते या सगळ्यातलं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं, पण त्याला टेंडरमध्ये रकाना नाही, मग कोण करणार.

भारतात बेंगळुरूच्या मोटोरोलाने नव्वदीच्या पूर्वार्धातच लेव्हल ५ गाठली. त्याआधी जगात एकच नाव घेतलं जायचं, आयबीएमचा स्पेस शटलचं ऑनबोर्ड सॉफ्टवेअर करणारा ह्यूस्टनचा गट. तेव्हापासून आपल्याकडे चढाओढ लागली. कारण सरळ आहे, परदेशी गिऱ्हाईक कधी इकडे आलेला नाही, त्याला दाखवायला काहीतरी पाहिजे होतं, आणि आपण परीक्षा द्यायला कुणाला ऐकत नाही (हलकेच घ्या). पण त्यातून सवयी पण लागल्या हे नाकारू नका. रिव्ह्यू घेणं, डिफेक्ट मोजणं, बेसलाइन करणं, अंदाज का चुकला ते लिहून ठेवणं, हे त्या पिढीने सीएमएमच्या धाकानेच केलं.

आता तुमच्या सरांच्या लेव्हल ५ बद्दल. पायऱ्या सोडून वर जाता येत नाही, ५ मध्ये ४ आणि ३ आणि २ सगळं येतंच. आणि ४-५ ला लागते संख्याशास्त्राला पुरेल एवढी आकडेवारी, म्हणजे सारख्या प्रकारची बरीच प्रोजेक्ट, त्यांचे बेसलाइन, त्यावरून बांधलेली मॉडेल्स की रिव्ह्यूचा वेग इतका ठेवला तर टेस्टिंगला इतके डिफेक्ट निघतील. तुमच्याकडे वर्षाला पाच-सहा प्रोजेक्ट, दरवेळी वेगळा कंट्रोलर, वेगळा कस्टमर. यातून कंट्रोल चार्ट काढाल, पण तो चार्ट तुम्हाला सांगणार काय? सरांना म्हणावं, लेव्हल ५ चं स्वप्न बघा पण रात्री.

---

पाइपलाइन_पांडू

मी वेब टीमच्या त्या लीडच्या बाजूने :) २०२४ संपून गेलं आणि आपण अजून पाच पायऱ्यांवर. डोरावाल्यांनी सरळच म्हटलंय की मॅच्युरिटी मॉडेल नको कॅपेबिलिटी बघा, कारण मॅच्युरिटी म्हटलं की लोकांना वाटतं एक दिवस पोचलो, मेडल लावलं, संपलं. आणि मोजायचं काय तर डिप्लॉयमेंट किती वेळा, कमिटपासून प्रॉडक्शनला जायला किती वेळ, किती टक्के रिलीज फसतात, फसल्यावर सावरायला किती वेळ. चार आकडे, गिट आणि सीआयमधून (कोड साठवायची आणि आपोआप बिल्ड-टेस्ट करायची टूल्स) आपोआप निघतात, कुणाला टेम्प्लेट भरायला लागत नाही, वर्षभरात सुधारलो का घसरलो ते कळतं. प्रोसेस आहे का हे विचारूच नका, परिणाम बघा. लेव्हल ३ वाल्या कंपनीत होतो मी, रिलीज करायला चेंज बोर्डाची सही लागायची आणि बोर्ड गुरुवारीच बसायचं, बग सोमवारी आलेला. तरी लेव्हल ३ च.

---

नेकारकाठचा

@पाइपलाइन_पांडू, पोर्टलसाठी सहमत, पूर्ण. पण ईसीयूला "दिवसाला किती डिप्लॉयमेंट" विचारून काय करू? आमच्याकडे बी सॅम्पल, सी सॅम्पल असे नमुन्यांचे टप्पे असतात, रिलीज कधी ते गाडीवाला ठरवतो, आणि फसलेलं रिलीज सावरायचं म्हणजे कधी कधी रिकॉल. चार चाकं फिरत असताना रोलबॅक नाही मारता येत. लीड टाइम तेवढा आतल्या इंटिग्रेशन बिल्डपर्यंत मोजतो आम्ही, तो खरंच उपयोगी आहे. आणि आकडे आपोआप निघतात म्हणून फुगवता येत नाहीत असं नाही हं. बोनसला जोडा आणि बघा, एक कमिट चार तुकड्यांत डिप्लॉय होईल.

तुमचं गुरुवारचं बोर्ड मात्र कुठल्याच मॉडेलने सांगितलेलं नाही. सीएमएमआय म्हणतं बदल कंट्रोल करा, कोणी कसा ते तुमचं तुम्ही ठरवायचं. बोर्ड आणि गुरुवार हे तुमच्या कंपनीच्या टेम्प्लेटकर्त्याचं कर्तृत्व.

---

पाइपलाइन_पांडू

बरं, हे मान्य. पण टेम्प्लेटकर्ते सगळीकडे तेच असतात हो, आणि अप्रेझरपण त्यांनाच ओळखतो.

---

सुरक्षित_अंतर

एक-दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून. नुसतं टेस्टिंग सुधारायचं असेल तर टीएमएमआय आहे, पाचच लेव्हल, बांधणी सीएमएमआयच्याच धर्तीवर. तुमच्या गरजेला मला ते अवांतर वाटतं. सिक्युरिटीसाठी ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेचं सॅम, ते फुकट आहे, १५ प्रॅक्टिसेस, प्रत्येकाला ० ते ३, एका दुपारी टीम बसली तर स्वतःच मार्क देऊन होतात, पोर्टलवाल्यांनी नक्की करावं. ईसीयू बाजूला तुमचा कस्टमर आज ना उद्या आयएसओ २१४३४ (गाड्यांच्या सायबर सिक्युरिटीचं स्टँडर्ड) काढणारच, त्यासाठी ए-स्पाइसचा सायबर सिक्युरिटीचा जोडभाग आहे, तो वेगळा विषय.

आणि लहान कंपन्यांसाठी आयएसओ २९११० म्हणून एक मालिका आहे, खास पंचवीस माणसांपर्यंतच्या संस्थांसाठी. तुम्ही पंचेचाळीस आहात पण त्यात संस्था म्हणजे विभाग किंवा प्रोजेक्टसुद्धा धरतात, त्यामुळे तुमची वेब टीम सहज बसते. बेसिक प्रोफाइलमध्ये दोनच प्रोसेस, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि सॉफ्टवेअर इम्प्लिमेंटेशन. टेंडरला उपयोग शून्य, पण ज्या टीमने आजवर काहीच लिहून ठेवलेलं नाही तिला सुरुवातीला हे पुरतं. ब्राझीलने तर लहान कंपन्यांना सीएमएमआय परवडत नाही म्हणून स्वतःचं एमपीएस.बीआर काढलं, जी पासून ए पर्यंत सात पायऱ्या, पहिली मुद्दाम ठेंगणी. आपल्याकडे असं काही का झालं नाही हा वेगळ्या धाग्याचा विषय.

---

क्वालिटीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सरांना जुना_खेळाडू यांचा परिच्छेद वाचून दाखवला (रात्रीचं वाक्य गाळून). लेव्हल ५ तूर्त बारगळली आहे. टेंडरचा हिशोब अकाउंट्सवाल्यांना मांडायला सांगितलाय, तोवर ए-स्पाइसच आधी असं ठरतंय, कारण ते प्रोजेक्ट खरंच हातात आहे.

@नेकारकाठचा, अजून जरा त्रास देते. आमच्या रिक्वायरमेंट्स एक्सेलमध्ये, बग जिरामध्ये, टेस्ट केसेस वेगळ्या एक्सेलमध्ये, डिझाइन बरंचसं लोकांच्या डोक्यात. टूल घ्यावं लागेल का? कन्सल्टंट म्हणतो टूलशिवाय लेव्हल २ अशक्य.

---

नेकारकाठचा

त्रास कसला. मॉडेलमध्ये टूलचं नाव कुठेच नाही. डोअर्स, पोलेरियनसारखं रिक्वायरमेंट्सचं टूल असलं तर काम हलकं होतं हे खरं, पण पन्नास-शंभर रिक्वायरमेंट्सचं प्रोजेक्ट एक्सेलवर पास झालेलं आहे, प्रत्येकीला स्थिर आयडी, तोच आयडी टेस्ट केसमध्ये, आणि रिक्वायरमेंट बदलली की कुठल्या टेस्ट बदलायच्या ते सापडतंय, बस. हजाराच्या पुढे गेलात की एक्सेल तुमचा सूड घेईल, तेव्हा टूल घ्या. असेसर काय करतो सांगतो, एक रिक्वायरमेंट उचलतो आणि म्हणतो चला हिच्या टेस्टपर्यंत. मग एक फेल झालेली टेस्ट उचलतो आणि म्हणतो चला उलटं. दोन्ही वेळा तुमचा इंजिनिअर, तुम्ही नाही हं, इंजिनिअर, न अडखळता पोचला की निम्मं काम झालं.

डोक्यातलं डिझाइन मात्र बाहेर काढावंच लागेल, त्याला इलाज नाही. सगळ्या जुन्या कोडचं नका काढू, नव्या प्रोजेक्टला हात लागतोय त्या भागाचं काढा. क्रम म्हणाल तर मी आधी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट आणि चेंज रिक्वेस्ट नीट लावीन, कारण ते डगमगत असेल तर बाकी कुठलाच पुरावा टिकत नाही, मग एसडब्ल्यूई.१ (रिक्वायरमेंट्स) आणि एसडब्ल्यूई.६ (शेवटचं सॉफ्टवेअर टेस्टिंग) ही दोन टोकं बांधीन, मधलं नंतर. आणि कस्टमर यायच्या आधी बाहेरच्या एखाद्या इंटॅक्स-प्रमाणित (इंटॅक्स ही असेसर प्रमाणित करणारी संस्था) असेसरकडून गॅप असेसमेंट करून घ्या, पुण्यात तसे लोक आहेत. तोच माणूस टेम्प्लेटही विकत असेल तर दुसरा बघा.

---

क्वालिटीवाली

शेवटचं, नक्की शेवटचं. कस्टमरच्या मेलमध्ये नुसतं "ए-स्पाइस लेव्हल २" आहे. ३.१ की ४.० ?

---

नेकारकाठचा

हाच प्रश्न त्यांना आजच लेखी विचारा. ४.० २०२३ च्या अखेरीस आलं, पण त्याआधी सुरू झालेली बरीच प्रोजेक्ट ३.१ वरच राहिली. फरक पडतो, ४.० मध्ये स्ट्रॅटेजी लिहिण्याच्या प्रॅक्टिसेस लेव्हल १ मधून निघून लेव्हल २ कडे गेल्या, ट्रेसेबिलिटी आणि कन्सिस्टन्सी एकत्र बघतात, टेस्टच्या प्रोसेसची नावंही बदलली. मेलमध्ये तीन गोष्टी मागा: आवृत्ती, प्रोसेसची यादी, आणि लेव्हल २ कुठल्या माइलस्टोनला हवी. बऱ्याचदा सुरुवातीला १ आणि एसओपीच्या (उत्पादन सुरू होण्याच्या) आधी २ असं चालतं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.